जहाज कधी लागतंय?

टिळकवाडीत घराच्या माडीवर बसून मी बंदरासाठी सॉफ्टवेअर लिहितो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "बेळगावात कुठला आलाय समुद्र?" कंपनी पुण्याची आहे, टर्मिनल पश्चिम किनाऱ्यावरचं (नाव सांगायची मुभा नाही), आणि आमच्या छोट्या गटाकडे आलेलं काम सांगायला अगदी सोपं होतं. कुठलं जहाज धक्क्याला कुठे लावायचं, कधी लावायचं आणि त्याला किती क्रेन द्यायच्या, हे तिथले प्लॅनर इतकी वर्षं हाताने ठरवत आले. ते आता संगणकाने सुचवावं. ठरवणार प्लॅनरच.

दुसरीकडे माझ्या मामांची उद्यमबागेत फौंड्री आहे. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंगं ते परदेशी पाठवतात, माल जातो न्हावा शेवाहून. मुरगाव नकाशात जवळ आहे, पण तिथे कंटेनरची जहाजं फारशी लागत नाहीत. त्यामुळे ट्रेलर निपाणी, कोल्हापूर, कराड, खंबाटकी, पुणे, बोरघाट असा सगळा महामार्ग पालथा घालून पनवेलला उतरतो. मी बंदराचं काम करतो हे कळल्यापासून मामा भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "तुझं ते मशीन सांगतंय काय की रे, जहाज कधी लागतंय?"

प्रश्न साधा वाटतो. उत्तर का साधं नाही, हे मला काम करता करता कळत गेलं.

पहिल्या आठवड्यात प्लॅनरनी त्यांच्या पडद्यावरचा आराखडा दाखवला. आडव्या रेषेवर धक्क्याचे मीटर, उभ्या रेषेवर तास, आणि मध्ये रंगीत चौकोन. एक चौकोन म्हणजे एक जहाज. रुंदी म्हणजे जहाजाची लांबी अधिक दोरांसाठी सोडलेली जागा, उंची म्हणजे धक्क्यावरचा मुक्काम. दोन चौकोन एकमेकांवर चढता कामा नयेत आणि एकही चौकोन जहाज येण्याच्या वेळेआधी सुरू होता कामा नये. बर्थ म्हणजे जहाज लावायची धक्क्यावरची जागा; बर्थ प्लॅनिंगचं मूळ गणित एवढंच.

१९९० च्या दशकापासून या गणितावर ढिगाने संशोधन झालंय. जपानमधले अकिओ इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते व्यवस्थित मांडलं, आणि जहाजांची संख्या वाढली की सगळ्या शक्यता तपासून उत्तर काढणं संगणकालाही झेपत नाही, हेही लवकरच सिद्ध झालं. क्रेनच्या वेळापत्रकावरचा कार्लोस डगान्झो यांचा बहुतेक सगळे दाखला देतात तो लेख १९८९ चा. न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं तेही १९८९ च्या मे महिन्यात. याचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण वाचताना मला गंमत वाटली.

सुरुवातीलाच एक निर्णय घ्यावा लागतो. धक्क्याचे ठरावीक तुकडे पाडायचे, की तो सलग धरायचा? समजा, १००० मीटरचा धक्का आहे आणि त्याचे तीन सारखे बर्थ केले. प्रत्येकी ३३३ मीटर. आता ३५० मीटरचं जहाज आलं तर ते दोन बर्थ अडवतं आणि तीनशेच्या वर मीटर जागा रिकामी पडून राहते. सलग धरलं तर तेवढ्या जागेत आणखी एक मध्यम जहाज बसतं, मात्र गणित कितीतरी पटीने अवघड होतं. आम्ही सलग धरलं. गूगलचं फुकट मिळणारं ओआर-टूल्स नावाचं साधन आहे, त्यात चौकोन एकमेकांवर चढू नयेत ही अट तयारच मिळते. पहिली आवृत्ती लवकर उभी राहिली आणि पडद्यावर चौकोन इतके नीटनेटके बसले की पुण्याच्या साहेबांनी त्याचा स्क्रीनशॉट थेट ग्राहकाला पाठवला.

त्यात क्रेन नव्हत्या. म्हणजे होत्या, पण "या जहाजाला तीन क्रेन, म्हणून इतके तास" असा सरळ भागाकार होता. प्लॅनरनी तो पाहिला आणि आम्हाला एक उदाहरण घातलं, ते इथे देतो.

जहाजावर १८०० मूव्ह आहेत, म्हणजे कंटेनर उतरवायचे आणि चढवायचे मिळून १८०० वेळा क्रेन हलणार. एक क्रेन तासाला २५ मूव्ह करते असं धरा. तीन क्रेन दिल्या तर २४ तास. चार दिल्या तर १८ तास. बरोबर? आमचं सॉफ्टवेअर हेच सांगत होतं, आणि धक्का गर्दीचा असला की बिनदिक्कत चौथी क्रेन देऊन सहा तास वाचवत होतं.

पण मूव्ह जहाजभर सारखे पसरलेले नसतात. जहाजाचे आडवे कप्पे असतात, त्यांना बे म्हणतात. समजा, त्या १८०० पैकी ६०० मूव्ह शेजारशेजारच्या दोन बेमध्येच आहेत. क्रेनचा सांगाडा बेपेक्षा रुंद असतो, त्यामुळे दोन क्रेन लगतच्या बेवर एकाच वेळी उभ्या राहू शकत नाहीत, मध्ये अंतर लागतं. म्हणजे त्या ६०० मूव्हवर एकच क्रेन. ६०० भागिले २५, पुन्हा २४ तास. चौथी काय, सहावी क्रेन दिली तरी जहाज २४ तासांच्या आत सुटत नाही. उरलेल्या क्रेन आपलं काम संपवून बूम, म्हणजे जहाजावर पसरलेला लांब हात, वर करून उभ्या राहतात आणि शेजारचं जहाज क्रेनसाठी ताटकळतं.

भरीला सगळ्या क्रेन एकाच रुळावर. आपल्याकडे शेतातल्या बांधावरच्या वाटेने समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर एकीला मागे जावंच लागतं, ओलांडता येत नाही. क्रेनचंही तसंच. तीन नंबरची क्रेन चार नंबरच्या पलीकडे कधीच जाऊ शकत नाही. डाव्या टोकाच्या जहाजाला एक क्रेन जास्त हवी असेल तर मधल्या जहाजाची एक डावीकडे सरकते आणि उजवीकडची एक मधल्याकडे येते. त्यात जहाजाचा उंच केबिनचा भाग ओलांडायचा असेल तर बूम उचला, सरका, पुन्हा पाडा. आमच्या पहिल्या आवृत्तीत क्रेन म्हणजे एक आकडा होता, सहा किंवा आठ. तो काढून प्रत्येक क्रेनला तिचा क्रम दिला आणि प्रत्येक जहाजाला "सगळ्यात लांबलेल्या बेचे तास" ही खालची मर्यादा दिली. चौकोनांची उंची बदलली, तसा निम्मा आराखडा मोडला. चौकोन पूर्वीइतके देखणे राहिले नाहीत, पण प्लॅनर पहिल्यांदा म्हणाले, "हां, आता वाटतंय बंदरासारखं."

याच सुमारास मामांकडे कंटेनर भरताना पाहायला गेलो. काम वीस फुटी कंटेनरचं. लाकडी पॅलेटवर कास्टिंगं पट्ट्यांनी आवळलेली, फोर्कलिफ्टने आत सारायची, वजन मध्यभागी दोन्ही बाजूंना सारखं राहील अशी मांडायची, सरकू नयेत म्हणून मधे लाकडाचे ठोकळे ठोकायचे. भरून झाल्यावर आत डोकावलं तर छतापर्यंत माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी. मी म्हटलं, अजून अर्धा रिकामा आहे की. मामा हसले. "जागा हाय, वजन संपलं." ट्रेलर वजनकाट्यावर गेला, चिठ्ठी निघाली. २०१६ च्या १ जुलैपासून कंटेनरचं प्रमाणित वजन कळवल्याशिवाय जहाजावर चढवता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. म्हणून त्या चिठ्ठीची एक प्रत सीएचएच्या, म्हणजे कस्टमचं काम पाहणाऱ्या एजंटच्या, व्हॉट्सॅपवर लगेच रवाना झाली.

ती चिठ्ठी पाहताना माझ्या डोक्यात आमच्या क्रेन घोळत होत्या. क्रेनच्या स्प्रेडरला, म्हणजे कंटेनर पकडणाऱ्या चौकटीला, वीस फुटी दोन कंटेनर एकदम उचलता येतात. हलका माल असेल तर एका मूव्हमध्ये दोन. पण दोघांचं मिळून वजन त्या क्रेनच्या मर्यादेबाहेर गेलं की एकेकच उचलावा लागतो. म्हणजे मामांसारख्यांचे जड कंटेनर ज्या बेमध्ये एकवटतात त्या बेचे मूव्ह वाढतात, आणि तीच बे लांबलेली बे होऊन बसायचा संभव जास्त. आमच्याकडे येणाऱ्या यादीत प्रत्येक कंटेनरचं वजन होतं, आम्ही ते वापरतच नव्हतो. ते वापरात आणलं.

जड मालाची दुसरी गोष्ट प्लॅनरनी सांगितली. जहाजाचा तोल सांभाळायला जड कंटेनर खाली जातात, म्हणजे भरताना ते आधी लागतात. म्हणून यार्डात, म्हणजे कंटेनर रचून ठेवायच्या आवारातही, जड कंटेनर हलक्यांच्या वर ठेवायची पद्धत आहे, आधी हाताशी यावेत म्हणून. जड कंटेनर शेवटच्या घटकेला आला तर बेचा तळ अडून राहतो, किंवा तो कंटेनर सरळ शट-आउट होतो आणि पुढच्या जहाजाची वाट पाहतो.

भरती-ओहोटी हा वेगळा लेख होईल, थोडक्यात सांगतो. मुंबईच्या बाजूला उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) पाणी सरासरी साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं, भांगाला (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) दीड मीटरच्या आसपास. माल भरून खोल बसलेल्या जहाजाला आत यायला किंवा बाहेर पडायला भरतीची वेळ गाठावी लागते, आणि दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर. त्यामुळे अशा जहाजाचं काम दोन तास उशिरा संपलं तर उशीर दोनच तासांचा राहील याची खात्री नाही, तो अर्ध्या दिवसावर जाऊ शकतो. उलट कुठल्या जहाजाला एक क्रेन जास्त देऊन तीन तास वाचवले आणि भरतीला अजून पाच तास आहेत, तर वाचवलेल्या तासांचा उपयोग शून्य. आमच्या गणितात उशिराचा दंड तासागणिक सारखा वाढत जायचा. खोल जहाजांसाठी तो पायऱ्यापायऱ्यांचा केला. असा दंड सॉल्व्हरला, म्हणजे उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामला, आवडत नाही, उत्तर यायला वेळ लागतो, पण इलाज नव्हता.

मग जुन्या नोंदींवर आमचं सॉफ्टवेअर चालवून पाहायची पाळी आली. प्रत्यक्षात जशा बातम्या येत गेल्या तशाच त्या त्याला द्यायच्या: हे जहाज एक तास उशिरा, त्याची एक क्रेन बंद, हे आधी पोचलं. दर बातमीनंतर नवा आराखडा. कागदावर निकाल छान होता. जहाजांची एकूण वाट पाहणी हाताने केलेल्या आराखड्यापेक्षा कमी येत होती. आम्ही ते आलेख घेऊन मीटिंगला बसलो.

प्लॅनरनी आलेख बाजूला ठेवले आणि लागोपाठचे दोन आराखडे शेजारी शेजारी लावायला सांगितले. एका जहाजाने एक तास उशीर कळवला होता. त्यावर आमच्या सॉल्व्हरने चार जहाजं हलवली होती: एक दीडशे मीटर डावीकडे, एक तीन तास आधी, दोघांच्या क्रेनची अदलाबदल. एकूण फायदा चाळीस मिनिटांचा.

"गणित बरोबर आहे हो तुमचं," ते म्हणाले, "पण रात्री अकरा वाजता मी हे कुणाकुणाला सांगू?" आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. जहाज आत आणणाऱ्या पायलटची वेळ ठरलेली. जहाजाच्या एजंटला कळवलेलं. जहाजावर कंटेनर बांधणाऱ्या-सोडणाऱ्या लॅशिंगवाल्यांच्या टोळ्या पाळीप्रमाणे लावलेल्या. यार्डात निर्यातीचे कंटेनर धक्क्याच्या ज्या जागेसमोर रचले आहेत, जहाज तिथून दीडशे मीटर सरकलं की प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रेलरची फेरी लांबते, म्हणजे क्रेनचे तासाला २५ मूव्ह तिथेच बुडाले. शेवटी ज्या जहाजाला तीन तास आधी ओढलं होतं त्यावर बोट ठेवलं. "हे आधी आणून काय करू? त्याचा माल तरी आलाय का आत?"

हे शेवटचं वाक्य आमच्या पुण्याच्या लोकांना पटकन कळलं नाही. मला कळलं, कारण तो माल कुठून येतो हे मी पाहिलेलं होतं.

निर्यातीच्या कंटेनरला टर्मिनलचं फाटक जहाजाच्या वेळेप्रमाणे उघडतं आणि जहाजाच्या वेळेप्रमाणेच बंद होतं. उघडतं ते गेट-ओपन, मिटतं ते कट-ऑफ. जहाज पुढे ढकललं की दोन्ही वेळा पुढे सरकतात. मामांचा ट्रेलर निघालेला असेल तर तो आधी पोचतो आणि बाहेर पार्किंगला उभा राहतो. गाडीमालक थांबण्याचे पैसे लावतो, ड्रायव्हर शिव्या घालतो, पण माल जहाजावर चढतो. जहाज आधी ओढलं तर मात्र कट-ऑफ आधी येतो. ट्रेलर कोगनोळीचा टोलनाका ओलांडून पुढे गेलाय, सातारा-कागल रुंदीकरणाच्या कुठल्याशा डायव्हर्शनवर अडकलाय, आणि तिकडे फाटक मिटलं. माल शट-आउट. आठवड्याला एक जहाज असेल तर एक आठवडा गेला, शिवाय तिकडच्या खरेदीदाराला काय सांगायचं ते वेगळंच. मामांच्या ओळखीतल्या एकाला असा फटका बसला होता, ते उद्यमबागेत बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

म्हणजे उशीर आणि घाई यांची किंमत सारखी नाही. गणित करणाऱ्याला जहाज रिकाम्या जागेत आधी सरकवणं म्हणजे निव्वळ कमाई वाटते. प्रत्यक्षात आधी आणलेलं जहाज भरायला माल नसल्यामुळे धक्क्यावर बसून राहतं, नाहीतर माल मागे टाकून जातं. न्हावा शेवासारख्या बंदराच्या मागे उभे असलेले कारखाने काही उरण-पनवेललाच नाहीत. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, इचलकरंजी अशा ठिकाणांहून एक-दीड दिवसाच्या वाटेवर माल असतो, आणि वाटेवरच्या मालाला आराखडा बदलल्याचा निरोप वेळेवर पोचेलच असं नाही.

मग आम्ही बदलालाच किंमत लावली. आराखड्यात आधी कळवलेली जागा किंवा वेळ बदलली तर दंड. जहाज जितकं जवळ आलेलं, तितका दंड जास्त. शेवटच्या काही तासांतला भाग गोठवलेला, तिथे सॉल्व्हरने हातच लावायचा नाही, प्लॅनरने हवं तर लावावा. आणि गेट-ओपन झाल्यानंतर जहाज पुढे ढकलण्याचा दंड साधा, पण आधी ओढण्याचा त्याच्या कितीतरी पट. ही शेवटची मागणी मी लावून धरली. एका सहकाऱ्याने विचारलं, हे ग्राहकाने मागितलंय का? म्हटलं, ग्राहकाच्या ग्राहकाने मागितलंय.

दंड किती लावायचा यात बराच वेळ गेला. जास्त लावला तर आराखडा दगडासारखा होतो, क्रेन बंद पडली तरी हलत नाही. कमी लावला तर पुन्हा चार जहाजांची पळापळ. जुन्या नोंदींवर पुन्हा पुन्हा चालवून, प्लॅनरना दाखवून, जिथे ते "हा बदल मी केला असता" म्हणत तिथपर्यंत आणला. कागदावरचा वाट पाहणीचा आकडा थोडा बिघडला, हे खरं. पुण्याच्या साहेबांना तो जुना स्क्रीनशॉट अजून आठवत असणार. पण कागदावरचा जुना आकडा मुळात मिळणारच नव्हता, कारण तो आराखडा अमलात आणायला कुणी तयार नव्हतं.

मामांकडे यातून काय बदललं? फार नाही. जड कंटेनर गेट-ओपनच्या पहिल्या निम्म्यात आत गेला पाहिजे, हे मी त्यांना सांगितलं, कारणंही सांगितली. ऐकून घेतलं. म्हणाले, "सांगायला सोपं हाय. फेटलिंग संपतंय कधी, इन्स्पेक्शनचा माणूस येतोय कधी, ते तुझ्या मशीनला इचार की." फेटलिंग म्हणजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करणं. मुद्दा बिनतोड होता. आता एवढं करतात की गाडी निघायच्या आधी सीएचएकडून कट-ऑफची ताजी वेळ विचारतात, आणि पुण्याच्या अलीकडे ड्रायव्हरला फोन करून पुन्हा एकदा कळवतात. पूर्वी बुकिंगच्या कागदावर जी तारीख असे तीच धरून चालायचे.

सध्या सॉफ्टवेअर प्लॅनरच्या शेजारी चालतं. ते सुचवतं, ते पाहतात, बरंचसं घेतात, काही बदलतात. पावसाळ्यात जास्त बदलतात. वारा एका मर्यादेवर गेला की क्रेन थांबवाव्या लागतात, आणि तासाला २५ हा आकडा जुलैत तसाच धरणं बरोबर नाही. आम्ही पावसाळ्यासाठी वेगळा आकडा ठेवलाय, पण प्लॅनरना तो दिवसागणिक स्वतः टाकायला हवा आहे, आणि पुढच्या आवृत्तीत ते देतोय.

बदल करताना कारण निवडायची सोयही दिली आहे: क्रेन बिघाड, पायलट, भरती, यार्ड, एजंटची विनंती, इतर. नोंदी काढल्या तर सर्वांत जास्त वेळा निवडलेलं कारण "इतर". गटातल्या एकाचं म्हणणं, "इतर" काढून टाका म्हणजे लोक खरं कारण लिहितील. माझं म्हणणं, काढलं तर ते डोळे मिटून "क्रेन बिघाड" निवडतील आणि आपल्या नोंदी आणखी खोट्या होतील. त्यापेक्षा "इतर"च्या पुढे दोन ओळी लिहायला जागा द्यावी, मराठीत लिहिलं तरी चालेल अशी. यावर अजून वाद चालू आहे.